माझी आत्या पडत नाही

माझी शालूआत्या पडत नाही. ती बसते.

हे मी पहिल्यांदा वडनेरच्या एका लग्नात पाहिलं. मांडवात कोणाच्या तरी हातून पाण्याचा जग सांडला होता. आत्या ताट घेऊन खुर्चीकडे निघाली, पाय सटकला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ती फरशीवर आदळली. ताट मात्र सरळ. वरणाचा थेंब सांडला नव्हता.

"पडल्या वो मॅडम! उचला, उचला!" म्हणत चार बाया धावल्या. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू चूक त्यांचीच असावी.

"कोन पडलं? बसली मी. खुर्चीवर जेवन उतरत नाई मले. बुंदी आना इकडं."

आणि ती तिथंच, जाण्यायेण्याच्या वाटेवर, मांडी घालून जेवली. थोड्या वेळानं दोन म्हाताऱ्या तिच्या बाजूला येऊन बसल्या. त्यांनाही खुर्चीवर जेवण उतरत नव्हतं म्हणे. वाढप्यांना ताटं ओलांडून जावं लागलं, पण आत्या पडली होती ही गोष्ट वाढणं संपेपर्यंत सगळे विसरून गेले होते.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. देवळीच्या बसस्टँडवर ती बसमधून उतरताना गुडघ्यावर आली, तेव्हा म्हणाली, "बस उंच होती." अंगणात शेणसड्यावरून घसरली, तेव्हा ती "तुळशीपाशी बसली" होती. कोपराला खरचटलं होतं, ते तुळशीनं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. देवळीत एकटी राहते. काका जाऊन बरीच वर्षं झाली. निलेशदादा, तिचा एकुलता एक मुलगा, पुण्याला इंजिनिअर आहे. आत्यानं आयुष्यभर अंगणवाडी चालवली, म्हणून गावात ती अजून मॅडमच. आज देवळीत ज्यांना मिशा आहेत, त्यांतल्या अर्ध्यांची नाकं तिनं पुसली आहेत आणि ती त्यांना तसं भर चौकात सांगतेही.

मी वर्ध्याला आईबाबांकडे असते आणि घरूनच काम करते. घरून काम करणं म्हणजे रिकामं असणं, असं आमच्या घरात ठरलेलं असल्यामुळे आत्याकडे काही न्यायचं, आणायचं, पोचवायचं असलं, की मला पाठवतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला बोलायला फारसं जमत नाही आणि आत्याला ऐकणारं माणूस लागतं. माझी शाळा इंग्रजी, म्हणून तिनं माझं नाव कॉन्व्हेंट ठेवलं आहे.

"आली माही कॉन्व्हेंट! बस. बोलू नको, थकशीन."

दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वयंपाकघरातली फळी वर गेली. हे तिचंच म्हणणं. मसाल्याचा डबा आधी हाताला यायचा, आता टाचा उंचावल्या तरी येत नव्हता. "उन्हाळ्यात भित फुगली, फळी वर सरकली," असं निदान करून तिनं मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टेप लावला, जुने खिळे पाहिले आणि फळी होती तिथंच आहे असं सांगितलं. आत्यानं त्याला चहा पाजला आणि तुझ्या टेपात खोट आहे म्हणून परत पाठवलं. त्या दिवसापासून मसाल्याचा डबा खाली, पाण्याच्या माठाशेजारी राहायला आला.

तिला थोडा बाकही आला होता. "आजकाल रस्ते असे, खाली पाहूनच चालावं लागते," ती म्हणायची. रस्ते तसेच आहेत, हे मलाही मान्य आहे.

हाडांचा विषय मात्र तिच्या आवडीचा होता. अंगणवाडीत तिनं गरोदर बायांना दूध प्या, अंडं खा, तीळ खा, ऊन घ्या हे इतकी वर्षं सांगितलं होतं, की झोपेतही सांगितलं असतं. तिच्या घरी दूध यायचं. ते आधी काकांसाठी होतं, मग निलेशदादासाठी. दोघंही आता घरात नाहीत, तरी आत्याला दुधाची सवय लागली नाही. एकदा मी तिला विचारलं, "आत्या, तू पितेस का दूध?"

"मले कायले पाह्यजे? माह्यं कॅल्शियम वेगळं हाय."

तिनं कमरेची डबी काढली. एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना. तळहातावर दोन्ही घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि ओठाखाली ठेवलं.

"चुना म्हंजे काय? कॅल्शियम. तुह्या बुकात नाई का?"

"आहे, पण..."

"कोंबडीच्या अंड्याचं कवच कायचं असते? चुन्याचं. आन भितीले चुना लावला त भित किती वर्स टिकते? मंग मानसाचं हाड नाई टिकनार?"

याला उत्तर होतं. पण आत्याशी वाद घालायला जो आवाज लागतो तो माझ्याकडे नाही. शिवाय तिच्या गल्लीतल्या निम्म्या बाया हेच मानत होत्या. तंबाखू वाईट, हे सगळ्यांना माहीत होतं. पण चुन्यासोबत खाल्ली की औषध होते, अशी एक सोयीची वाट तिथं कोणीतरी काढून ठेवली होती आणि आत्या त्या वाटेवर सगळ्यांच्या पुढं चालत होती.

तिच्या न पडण्यामागं काय आहे, ते मला मागच्या दिवाळीत कळलं. निलेशदादा आला होता. फोनवर तो नेहमी बजावायचा तेच जाताना त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "आई, तू आणखी एकदा जरी पडलीस ना, तर मी घराला कुलूप लावून तुला पुण्याला नेणार. मी काही ऐकणार नाही." तो चांगला मुलगा आहे. काळजीनंच बोलत होता. आत्या हसली आणि त्याच्या पिशवीत जवसाची चटणी कोंबत राहिली. त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरी ती एकदा महिनाभर राहून आली होती. "घर भल्लं चांगलं हाय, पन आवाज देला त कोनी ओ देत नाई," एवढंच तिनं त्याबद्दल सांगितलं होतं.

म्हणजे तिला पडायला परवानगीच नव्हती.

जानेवारीत आईनं दिलेली तिळाची वडी घेऊन मी देवळीला गेले. आत्या चुलीपुढे बसून भाकर थापत होती, डाव्या हातानं. भाकर छत्तीसगडच्या नकाशासारखी झाली होती. उजवा हात पदराखाली.

"हात दाखव, आत्या."

"मुरगळला. तेल लावलं."

तिनं दाखवला नाही, म्हणून मी पदर बाजूला केला. असं मी कधी करत नाही. मनगट सुजून हळदीनं पिवळं झालं होतं, वर जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली होती आणि हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता.

"कधी पडलीस?"

"पडली नाई. टेकवला हात, जरासक जोरात."

मी बाबांना फोन केला नाही. ऑटो बोलावली आणि तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. रस्ताभर ती ऑटोवाल्याच्या आईची चौकशी करत होती. खड्डा आला की तेवढी गप्प व्हायची.

हाड मोडलं होतं. ते बसवून प्लास्टर घातलं. मला वाटलं, झालं. पण तिथली डॉक्टर, माझ्यापेक्षा जेमतेम थोडी मोठी असलेली मुलगी, म्हणाली, "उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं, तर हाडं आतून तपासायला हवीत. तो इशारा असतो." हाडांची घनता मोजायचं एक मशीन असतं. त्यावर फक्त निजायचं. आत्याला ते फार आवडलं. दवाखान्यात काही न टोचता, न कापता कोणी निजू देतं, हे तिला नवीन होतं. काही दिवसांनी रिपोर्ट आला आणि आम्ही परत डॉक्टरसमोर बसलो.

"आकडा उणे आहे," डॉक्टर म्हणाली.

"उने?" आत्या ताठ झाली. "शाळेत बी मी कधी उने नाई आली."

डॉक्टरनं तिला नीट समजावलं. हाड जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवीन बनतं. वय वाढलं की झिजणं जास्त, बनणं कमी. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, आतून विरळ होत जातं. दुखत नाही, काही नाही. मोडतं तेव्हाच कळतं.

"म्हंजे सोंडे लागलेले हरभरे," आत्या म्हणाली. "वरून गोटे, आंदर भुसा."

"अगदी तसंच. आता मला सांगा, पाळी कधी बंद झाली?"

"पिशवी काढली तवा. पस्तिशीच्या आत-बाहेर."

"फक्त पिशवी, की अंडाशयंही?"

"सारंच. अर्धवट काम नाई आवडत मले."

डॉक्टर हसली नाही. पाळी लवकर गेली, की हाडांना मिळणारं संरक्षणही लवकर जातं, हे तिनं सांगितलं. मग दुधाचं विचारलं. "घरी येते," आत्या म्हणाली. "तुम्ही पिता का?" "चहात असते थे." गुडघ्यासाठी काय घेता? तर एक पुडी. कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या लहान पांढऱ्या गोळ्या. "घेतली का मानूस घोड्यावानी पयते. महिन्यातून चार-आठ दिवस घेते मी, कधी जास्त." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते सारखं पोटात गेलं की हाडं पातळ होतात. पुडी दाखवायला आणा, आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, असं तिनं सांगितलं.

मग तंबाखू. आत्यानं कोंबडीचं अंडं आणि भिंत दोन्ही मांडलं. माझं काम आता दुसरं कोणी करणार, या आनंदात मी खाली मान घालून ऐकत होते.

"मावशी," डॉक्टर म्हणाली, "चुन्यात कॅल्शियम आहे, खरं आहे. पण तंबाखू हाड कमजोर करते. आणि चुन्यानं तोंड सोलून निघतं. तुम्ही घरात धान्य भरता आणि त्याच पोत्यात सोंडेही सोडता."

आत्यानं कमरेची डबी काढली आणि न उघडताच परत खोचली. माझ्या माहितीत हे पहिल्यांदा घडत होतं.

"आई किंवा वडलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?"

माझी आजी मी पाहिलेली नाही. ती म्हातारपणानं गेली, असंच मला सांगितलेलं होतं.

"माय न्हानीत पडली होती," आत्या म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "उन्हाळ्यात पडली, दसरा नाई पाह्यला तिनं. भावायनं घराले कुलूप लावलं आन तिले माह्याकडं आनून ठेवलं. मी अंगनवाडीत जाओ, परत येओ, तिचं करो. चांगलं करो, बाई. पन थे रोज म्हने, शाले, मले माह्या घरी नेऊन घाल. रोज. मी म्हनो, उद्या नेते."

पंखा फिरत होता. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"याचाही संबंध असतो," डॉक्टर सावकाश म्हणाली. "आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल, तर मुलीला धोका जास्त असतो. म्हणूनच विचारते, मावशी. या वर्षात किती वेळा पडलात? खरं सांगा. त्यावर पुढचं ठरेल."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ती काय मोजत होती ते मला दिसत होतं. इथं सांगितलेलं बाबांपर्यंत जाईल, तिथून पुण्याला जाईल आणि मग कुलूप.

"मी बाहेर थांबू का?" मी विचारलं.

"निलेशले सांगशीन?"

"मी नाही सांगणार. पण तू सांग."

ती बराच वेळ प्लास्टरवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पडली, डॉक्टरबाई. लय डाव पडली." आणि एकेक सांगायला लागली. लग्नातलं, बसमधलं, तुळशीजवळचं. मला माहीत नसलेलीही होती. एकदा ती परसात पडली आणि तिला उठताच येईना. दूधवाला येईपर्यंत आभाळाकडे पाहत पडून होती. त्याला म्हणाली, "ऊन घेऊन राह्यली बाप्पा, दूध ठेव तिथं." तो दूध ठेवून गेला. त्यानंतर ती सरकत सरकत दारापर्यंत आली.

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं होतं.

सगळं सांगून झाल्यावर आत्यानं डोळे पुसले आणि एकदम माझ्याकडे बोट केलं. "आता हिचं बी पाहा. माही माय, मंग मी, मंग हे. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसते, बाहेर निघाली का डाकूवानी तोंड बांधते, जेवते चिमनीयेवढं. ह्या पोट्टीचं हाड आतापासून धरा."

मला जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र म्हणाली, "बरोबर बोलताहेत. हाड कमवायचं हेच वय आहे. तिशीनंतर फक्त राखायचं असतं." मग तिनं मला माझं जेवण, चालणं, ऊन असं सगळं विचारलं आणि माझी उत्तरं आत्यानं दिली.

दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली बसून आत्यानं पुण्याला फोन लावला. स्पीकरवर, कारण डाव्या हातात फोन धरून कानाला लावणं तिला जमत नव्हतं.

"निलेश, मी पडली होती. हात मोडला. चूप, पुरं आयक आधी. हाडं ठिसूळ झाली हाय, दवाई सुरू होऊन राह्यली. डॉक्टर म्हनते का घरात पकडाले दांडे लाव, उजेड कर, पायपुसनं काढ, म्हंजे पडनं कमी होते. थे सारं तू करून दे. पन कुलूप लावू नको, बाबू. आजीले लावलं होतं, मले मालूम हाय."

पलीकडून निलेशदादा म्हणाला, "शनिवारी येतो."

तो आला. ड्रिल मशीन, स्टीलचे दांडे, रबरी मॅट आणि बल्ब घेऊन. न्हाणीतला दांडा त्यानं स्वतःच बसवला. "इंजिनिअर होय म्हनते, आन तिरपा बसवला," आत्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं, "पन पक्का हाय. मी लोंबकून पाह्यलं." निलेशदादानं फळीही खाली आणली. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. जाताना फक्त मला म्हणाला, "तू लक्ष ठेव." मी मान हलवली.

तंबाखू सोडण्याचा महिना देवळीनं फार सोसला. आत्या दूधवाल्याशी भांडली, भाजीवालीशी भांडली, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी भांडली. पुडी डॉक्टरला दाखवली आणि हळूहळू तीही सुटली. आता ती दूध पिते, नाक धरून. ज्या बायांना तिनं वर्षानुवर्षं चुन्याचा सिद्धांत सांगितला, त्यांच्या दारात जाऊन तो तिनं परत घेतला. तिच्या मते ही देवळीतली पहिलीच वेळ, की कोणी बोललेलं परत घेतलं.

आणि रविवारची एक गोळी. आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं किंवा उभं राहायचं.

पहिल्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. मी सहसा फोन उचलत नाही. थांबते, मग मेसेज करते. पण आत्याला मेसेज वाचायचा कंटाळा आहे.

"कॉन्व्हेंट, गोळी घेतली. आता अर्धा घंटा बसाचं हाय. आन तेवढ्या वेळात कोनासोबत तरी बोलत राहा लागते. डॉक्टरनं सांगतलं."

मी त्या खोलीत शेवटपर्यंत बसले होते. डॉक्टरचं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. त्यांत हे नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "ते तर करायलाच हवं."

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. ती बोलते, मी हुंकार देते. तिच्या अंगणवाडीतल्या कोणाचं लग्न ठरलं, कोणाला नातू झाला, कोणत्या घरात सोयाबीन भिजलं. काकांबद्दल ती पूर्वी कधी बोलायची नाही, आता बोलते. मध्ये मध्ये मलाही विचारते. काही गोष्टी मी कोणाला सांगत नाही, त्या तिला सांगून बसते, आणि ती चक्क ऐकून घेते. ती ज्या खुर्चीवर बसते तिच्या अगदी समोर भिंतीवर मोठं घड्याळ आहे. त्याचा सेल मीच बदलून दिला आहे, ते बरोबर चालतं.

या रविवारी ती आजीबद्दल सांगत होती. आजीला कैऱ्या झाडावरून स्वतः उतरवायला आवडायच्या, लग्न झाल्यावरही ती चढायची आणि सासरे आले की पानांत लपून राहायची. सांगता सांगता आत्या थांबली.

"का वं कॉन्व्हेंट, झाला का अर्धा घंटा?"

मी घड्याळाकडे पाहिलं. तो कधीच होऊन गेला होता. माझा चहा निवून त्यावर साय आली होती.

"नाही आत्या. आहे अजून थोडा."

"बरं," ती म्हणाली आणि आजी झाडावरून खाली कशी उतरली, ते सांगायला लागली.